उसने ठोके

नर्स पिर्योनं कागदावर गणित मांडलं:
दोनशे वीस वजा माझं वय, अठ्ठावन्न.
उरलं त्याचे साठ टक्के, त्याचेच सत्तर टक्के.
"सत्त्याण्णवच्या खाली आळस,
एकशे तेराच्या वर घाई.
चरबी मधल्या पट्टीत जळते, राउहा,
मंद आचेवर."

मंद आच मला शिकवायला नको.
एकतीस वर्षं ओउलूच्या शाळेत
दर गुरुवारी वाटाण्याचं सूप ढवळलंय,
तीनशे पोरांचं.
पातेल्याच्या तळाशी उरलेलं कुणी टाकायचं?
तेच हे, कमरेभोवती.

पट्टा घेतला जुन्या बाजारातून, सहा युरोला,
सोबत घड्याळ, थाळीएवढं.
विकणारा म्हणाला, "आत कोड-बीड नाही बाई.
दुसरा असलाच पट्टा हातभर अंतरावर आला
तर त्याचं याला ऐकू येतं."
मी म्हटलं, येऊ दे,
मला कोण चिकटून चालतंय!

सकाळी नळाखाली ओला करायचा
आणि छातीखाली बांधायचा.
पहिला स्पर्श असा की
तोंडातून आईच निघते.
मग आकडा उमटतो. एकाहत्तर.
म्हणजे आहे मी.

मार्चमध्ये समुद्र अजून गोठलेलाच,
बर्फात खोचलेल्या फांद्यांनी वाट आखलेली.
मी स्कीवर, गोगलगाईच्या चालीनं.
जरा जोर केला की एकशे चौदा
आणि घड्याळ शिट्टी मारतं.
मला मागे टाकून जातात
काठीवाले आजोबा,
बालवाडीची रांग,
एकदा तर बाबागाडी ढकलणारा बाप.
जन्मात मला कुणी "सावकाश" म्हणालं नव्हतं.
हे म्हणतं, दर दोन मिनिटांनी.

सात आठवडे. तीन किलो दोनशे ग्रॅम.

त्या मंगळवारी बेटावरच्या खोपटात
बेदाण्याचा गरम रस घेऊन बसले होते.
दार उघडलं, थंडी आत आली
आणि तिच्यामागून हेल्वी.
माझी धाकटी.
आईची होडी न विचारता विकली तिनं,
त्याला दोन वर्षं झाली.
दोन वर्षांत एक नाताळचं कार्ड,
त्यावर फक्त सही.

खोपटात बाक एकच.
बसली. हातमोजे काढले, मांडीवर नीट जोडून ठेवले.
चेहरा झाकण घट्ट बसलेल्या बरणीचा,
लहानपणापासून तसाच,
मार खाल्ला तरी तसाच.
"बर्फ बरा आहे आज," म्हणाली.
मी म्हटलं, "हं."

आणि घड्याळ शिट्टी मारायला लागलं.

एकशे एक्केचाळीस.
मी तर बसलेली!
पेला ठेवला, दोन बोटं गळ्याशी लावली,
भिंतीवरच्या काट्याकडे बघत मोजलं.
अठ्ठ्याहत्तर.
एकशे चव्वेचाळीस, म्हणालं घड्याळ.

रस सांडल्याचं निमित्त करून
बाकाच्या टोकाला सरकले.
अठ्ठ्याहत्तर.
कापडानं पुसत पुसत परत आले.
एकशे सेहेचाळीस.

तिच्या लोकरी स्वेटरखाली
एक आडवी वळकटी दिसत होती, अगदी बारीक.
तिलाही कुणीतरी गणित मांडून दिलं असणार.

हेल्वी खिडकीबाहेर बघत होती,
डोळ्याची पापणी हलत नव्हती,
आणि माझ्या मनगटावर
तिचं काळीज घोड्यासारखं उधळलं होतं.

सांगितलं नाही मी.
शिट्टीचं बटण दाबून गप्प केलं फक्त,
आणि पेला तिच्याकडे सरकवला.
"पट्टा नीट ओला करत जा," म्हटलं,
"नाहीतर कातडी सोलते."
तिनं उजव्या हाताची बाही
झटकन मनगटावर ओढली.
तिथे काय दिसत होतं, कुणाचं दिसत होतं,
मी विचारलं नाही.
रस तिनं अर्धा प्यायला.

संध्याकाळी वहीत लिहिलं, पिर्योला दाखवायला:
मंगळवार. सहा किलोमीटर.
कॅलरी चारशे बारा.
त्यातल्या थोड्या बहिणीच्या.