अंड्याचा रकाना

राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावर आमचा दवाखाना.
जिना अरुंद.
इथं कुणी आजारी येत नाही.
येतात ते धडधाकट, पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून,
आणि अजून न झालेल्या दुखण्यांबद्दल विचारतात.
डॉक्टर नकाशा उलगडतात.
मी फ्रिजचं तापमान वहीत लिहिते:
सकाळी चार, संध्याकाळी पाच.

एके काळी हीच मी भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवर
लसीची पेटी खांद्याला अडकवून चालायचे.
'सुईवाली आली' म्हटलं की पोरं उसात गडप.
पाला गालाला कापायचा, तरी एकेकाला ओढून काढलं.
आता तसलीच पोरं मोठी होऊन जिना चढून येतात,
पावती फाडून घेतात, दंड पुढं करतात,
सुईकडं बघत मात्र नाहीत.
तेवढं राहिलंय.

आज सकाळी खैरूनबी येऊन गेल्या, हजला निघालेल्या.
दोन्ही तळव्यांना ओली मेंदी.
बाही वर कुणी धरायची यावर सुनेशी वाद.
शेवटी मीच धरली.

मग आदगोंडा चौगुले, दानोळीचा.
शिरोलीच्या फौंड्रीत वितळलेलं लोखंड ओततो.
लागोसला नवी भट्टी चालू करून द्यायची, आठ महिने.
फॉर्म मी भरून घेते.
ताप? नाही. फिट? नाही. आधीच्या लशी?
त्यानं शर्ट सरकवला. दंडावर बीसीजीचा वण,
वाटाण्याएवढा. तेवढाच कागद त्याच्याकडं.
अंड्याची अ‍ॅलर्जी?

तो थांबला.
'खाल्लंच न्हाई कधी, सिस्टर. कसं सांगू?
आमच्यात चातुर्मासात कांदासुद्धा बंद.'
रकान्यात दोनच चौकोन: होय, नाही.
मी पेन तसंच धरलं.
'पण अंड्याचं का इचारताय?'

खोटं बोलता आलं असतं.
'मुंगी चावल्यागत होईल' हे खोटं
मी जन्मभर बोलत आलेय.
हे नाही जमलं.
'ही लस अंड्यात वाढवतात,' म्हटलं.
'कोंबडीच्या. आत जीव धरलेल्या.'

पंखा फिरत राहिला.
खाली झेरॉक्सवाला कुणाला तरी विचारत होता,
आधारच्या दोन्ही बाजू का एकच?
डॉक्टर म्हणाले, डासाचा ताप आहे, माणूस पिवळा पडतो,
जातो. पुस्तकावर शिक्का नसला
तर विमानतळावरच अडवतात.
आणि जायच्या दहा दिवस आधी टोचायला हवी.
मग तेही गप्प झाले.
चांगले डॉक्टर आहेत.

आदगोंडा फोन घेऊन जिन्यात गेला.
मला ऐकू आलं ते एवढंच:
'आई, जेवलीस का?
...व्हय, दिस बुडायच्या आत जेव.
...न्हाई, तसलं न्हाई. डास.
...कोंबडीचं, म्हनत्यात.
...हां.
...बरं.'
त्या 'बरं'नंतर बराच वेळ काही नाही.
फोन चालू होता की बंद, कळेना.

परत आला. बाही वर केली.
'डाव्या हाताला घाला,' म्हणाला,
'उजव्यानं पळी धरतो. उद्या ओतकाम हाय.'

मी चौकोनात खूण केली नाही.
शेजारी समासात लिहिलं: कधी खाल्लेलं नाही.
डॉक्टरांनी त्याखाली सही केली.

अर्धा तास बाकावर बसवलं, चक्कर येते का बघायला.
पिवळं पुस्तक मांडीवर, शिक्क्याची शाई वाळेना.
हिवतापाच्या गोळ्यांचं मी समजावलं:
रोज एकच वेळ, जेवणानंतर,
परत आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस.
तो बोटांवर काहीतरी मोजत होता.
'सिस्टर,' म्हणाला,
'तिकडं दिस कवा बुडतो?'

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर ढकलून मोबाइलमध्ये बघितलं.
'साडेसहा. कधी सात.'
'मग जमतंय,' आदगोंडा म्हणाला,
आणि कापसाचा बोळा दंडावर दाबून
उरलेली अकरा मिनिटं बसून राहिला.