सत्तावन्न अंश

अंबडच्या दुकानात हातिमभाईंनी
काचेवर दोन व्ही-बिट ठेवले.
एक अकराशेचा, डबीत, स्पंजावर निजलेला.
दुसरा एकशे ऐंशी,
बडीशेपेसारखा कागदाच्या पुडीत.
दोन्हींवर कोरलेलं: साठ अंश.

मी पुडी घेतली. दोन घेतल्या.

पाटी होती
'इंदुमती गर्गे, शिवणक्लास, पंचवटी'.
सागाच्या फळीत अनुस्वार टाचणीच्या टोकाएवढा,
रफार तर उपाशीच.

बिट भिंगाखाली धरला, कोनमापक लावला.
सत्तावन्न.

शिवी ओठावर आली, भुश्शासकट गिळली.
मशीनला खरा आकडा सांगितला,
आणि त्यानं हूं की चूं न करता
जरा खोल उतरून
गर्गेबाईंचा रफार भरून दिला.

दुसरी पुडी अजून फोडलेली नाही.
ती किती अंशांनी खोटं बोलते
ते उद्या मोजीन.