डावखुरा

अंजनगावच्या जिनातली सरकी उचलून झाली
की आवारात मांजरपाट ताणायचे.
त्यावर बादल्यांनी पाणी मारायचे आधी,
म्हणजे चित्र आरपार जाई :
पुढून बाप्ये बघत, मागून बाया.

हे झिबलाजी मेश्रामांनी सांगितलेलं,
पानमळ्याच्या बांधावर, पानांच्या कवळ्या बांधता बांधता.
मी सातवीत होतो. ते सत्तरीचे.
मुक्या सिनेमाचे ते सांगणारे,
पडद्याच्या अंगाला स्टूल, तोंडाला पत्र्याचा भोंगा.

"थो टोपीवाला पाहा, बापा. सायब नाई हा.
चोरून दारू इकते.
त्याच्या देशात सरकारनं दारू बंद केली."
अंधारातून कोणी विचारी, "मोहाची का गा?"
"मोहाचीच समज."
आणि मेळघाटातून रात्री
कडब्याखाली मडकी दडवून गाड्या उतरवणारे दोघेतिघे
टोपीवाल्याकडे
सोयऱ्यासारखं बघू लागत.

बंदुकीचा आवाज हसनू पिंजाऱ्याकडे.
रॉकेलचा रिकामा डबा, लाकडी हातोडा.
हसनूला डुलकी लागायची.
मग माणूस आधी पडे
आणि गोळी मागून सुटे.
लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

शेवटी टोपीवाला ओल्या सडकेवर आडवा.
ओठ हलायचे त्याचे, चारदा.
फौजदार पुढच्या खुर्चीत असला
की तो म्हणे, "माय, म्या चुकलो."
फौजदार दौऱ्यावर असला
तर म्हणे, "माल इहिरीत हाय, वाटून घ्या."
रीळ एकच.

"पण खरं काय म्हणत होता?" मी विचारलं.
झिबलाजींनी कवळी बाजूला ठेवली.
"मले काय माईत, पोट्ट्या?
मधात इंग्रजी पाट्या येत. मले तं मराठीबी वाचता येत नोती."
पडद्यामागं पाट्या उलट्या दिसत,
पण बायांना उलट्या काय, सुलट्या काय.

त्या मागच्या बायांत पुंजाबाई होती.
पुढं तिच्याशीच लग्न झालं त्यांचं,
आणि चाळीस वर्षं एकच भांडण पुरलं.
"डाव्या हातानं मारे थो गोळी."
"उजव्या!"
"म्या डोयानं पाह्यलं."
"मंग म्या काय कानानं पाह्यलं?"

मग पडदा स्वतःच बोलायला लागला.
झिबलाजींचा भोंगा गेला
तेलाच्या दुकानात, नरसाळं म्हणून.
कंपनीवाल्यानं जुनी रिळं अकोल्याला शेरावर विकली.
खरवडून चांदी काढली म्हणतात,
उरलेलं गरम पाण्यात मऊ करून
फण्या केल्या, बांगड्या केल्या.

आता वाचनालयातल्या जाड पुस्तकात वाचतो मी :
त्या मुक्या टोळीपटांतूनच पुढं सगळं आलं,
ती मोटार, ती टोपीची कड,
चेहऱ्यावर अर्धाच उजेड,
गुन्हेगार मरतो तेव्हा प्रेक्षकाच्या घशात येणारं ते काहीतरी.
खाली बारीक अक्षरात :
बहुतेक प्रती नष्ट.
कुठल्या हातात पिस्तूल होतं, ते दिलेलं नाही.
हसनूचा डबाही नाही.
पुस्तक लिहिणारा पुढून बसला असणार.

पुंजाबाईच्या डाव्या हातात दोन बांगड्या होत्या,
चहाच्या रंगाच्या, उन्हात धरल्या तर आरपार.
अंजनगावच्या बाजारात घेतलेल्या,
कशाच्या ते कासारालाही ठाऊक नव्हतं.
एकदा शेजारच्या गुंफाबाईची तशीच बांगडी
विस्तवाची ठिणगी लागून भपकन पेटली,
तेव्हापासून पुंजाबाई
चुलीपुढं बसायच्या आधी
त्या काढून
दूर, कोनाड्यात ठेवायची.

"बसून राह्य तथीच," म्हणायची,
"भाकरी होईलोक."