चिरा

डॉक्टर फुर्तादो बाईंनी माझी पाठ
उजेडावर धरली : हा चौथा मणका, हा पाचवा.
चौथा पुढे सरकलाय.
मला आधीच दिसलं होतं.
पस्तीस वर्षं भिंती बांधल्यावर
ओळंबा लागतो कशाला?

दिचोलीचा चिरा ओला असला की दुप्पट भरतो.
तो उचलताना केव्हातरी,
कुणाच्या तरी कंपाउंडसाठी,
मी आतून दोन सूत हललो.

"मोठी चीर नको," त्या म्हणाल्या,
"पेराएवढ्या चार.
स्नायू कापायचे नाहीत, बाजूला सारायचे."
रानात झुडपं सारतो तसे, मी मनात म्हटलं.
रक्त कमी. तिसऱ्या दिवशी बांबोळीहून घरी.
सापटीत पिंजरा, पिंजऱ्यात हाडाचा चुरा,
चार स्क्रू, दोन सळ्या.

एवढ्याशा भोकातून तुम्हाला दिसतं काय?
"स्क्रीनवर दिसतं."
मी कधी कुणाची भिंत
किल्लीच्या भोकातून बांधली नाही.

मग त्यांनी पान उलटलं. आवाज तोच ठेवला,
ते मला आवडलं.
स्क्रू जरा चुकला तर नस, पाऊल लुळं पडेल.
पू होईल. आवरण फाटून पाणी झिरपेल.
हाडं जुळली नाहीत तर पुन्हा उघडायचं,
तेव्हा कदाचित मोठी चीर.
आणि जुळली, तर भार वरच्या मणक्यावर.
दहा वर्षांनी तोही बोलू लागेल.

हे मात्र मला शिकवायला नको.
एक सांधा सिमेंटनं गच्च केला
की तडा शेजारी निघतो.

"विडी?"
दिवसाला बंडल.
"बंद. धुरानं हाड धरत नाही."
बाहेरच्या बाकावर सुलक्षा खोकली.
वीस वर्षं ती हेच फुकट सांगत होती.

सही केली. अक्षर जरा कलतं आलं.

आता तीन महिने झाले.
मांडीतून उतरणारी आग गेली,
खरंच गेली, रात्री दचकून मी ती शोधतो.
फोटोत अजून नुसता ढग आहे.
"धरतंय," बाई म्हणतात, "घाई नको."
गिलाव्यावर पाणी मारत बसण्याचे हे दिवस.
वाकायचं नाही, उचलायचं नाही,
बादलीसुद्धा.

डाव्या अंगठ्याला तेवढं काही कळत नाही.
वाटेत चप्पल निसटते, मी पुढे जातो,
मागून सुलक्षा हाक मारते :
"अहो, पाय इथंच राहिला!"