हयातीचा दाखला

नळस्टॉपच्या शाखेत, खिडकी क्रमांक चारवर
दर नोव्हेंबरात म्हातारी माणसं येतात
आपण आहोत एवढंच सांगायला.
कानटोपी, थर्मास, पासबुकाची प्लॅस्टिकची पिशवी,
आणि रांगेत यंदा कोण दिसत नाही याचा हिशोब.

त्यांत एक मोरेश्वर विनायक खासगीवाले.
आडनाव वाचून पहिल्या वर्षी मला हसू आलं.
तेही हसले. "नेमताना हेच बघितलं असेल त्यांनी."
खात्याच्या रकान्यात लिहिलेलं: इतर.
इतर म्हणजे?
"टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती, नाव नव्हतं.
ते आधी सगळं मांडायचं होतं.
मग ते कुणाला दिसणार नाही असं करायचं होतं.
दुसऱ्याला जास्त वेळ लागला."

परमुलखात देशाचे कान लावणारं खातं
याच माणसानं शून्यातून उभं केलं,
हे मला मॅनेजर ढमढेऱ्यांकडून कळलं,
तेही कुजबुजत,
जणू काउंटरखाली कुणी बसलंय.
मला ते लॉ कॉलेज रोडवरचे एक गृहस्थ,
सुटे पैसे दोनदा मोजून घेणारे,
कागदाला टाचणी लावू न देणारे.

फॉर्म ते आठ मागायचे.
एक माझ्यासमोर भरायचे,
सात, घडी न घालता, पिशवीत.
"इतके चुकतात का हो?" मी एकदा म्हटलं.
"नाही. हे ज्यांचे, त्यांच्याकडे कुणी मागितलेच नाहीत."
मागं रांग खाकरली.
मी पुढचं टोकन पुकारलं.

अंगठ्याचं यंत्र आलं त्या वर्षी
त्यांचा अंगठा उमटेना.
पुसला, ओला केला, डावा लावून पाहिला,
रांगेतल्या गोडबोलेबाईंनी पर्समधून व्हॅसलीन काढून दिलं.
यंत्राचं एकच: जुळत नाही.
हे मात्र खूश, शाळकरी पोरासारखे.
"जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, बाई.
आता कुठं स्वतःला जमलं."
शेवटी मीच हातानं लिहिलं:
समक्ष पाहिले. हयात आहेत.
सही, शिक्का, तारीख.
त्यांनी ते वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं.

मग कधी नव्हे ते खिडकीशी रेंगाळले.
"माणूस निवडताना मी एकच विचारायचो,
घरी वाट कोण बघतं?
कुणी नाही म्हणाला, की नको.
वाट बघणारं असलं की माणूस परत येतो,
असा माझा समज होता."

पुढच्या नोव्हेंबरात मी सवयीनं आठ मोजले.
त्यांनी एक परत सरकवला,
काचेखालून, दोन बोटांनी.
कुणी परत आलं होतं,
की कुणाचं जाणं नक्की झालं होतं?
चेहऱ्यावर काहीच नव्हतं.
तो चेहरा त्याचसाठी घडवलेला.
पण बाहेर जाऊन ते पायरीवर बसले,
पार्क केलेल्या स्कुटरांच्या मधे, बराच वेळ.
बोलावलेला रिक्षावाला हॉर्न वाजवून निघून गेला.

यंदा प्रमिलाबाई आल्या,
कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन.
सह्या झाल्या. मग खालच्या आवाजात,
"तुमच्याशी बोलायचे म्हणे. काय बोलायचे?"
"सुट्या पैशांचं," मी म्हटलं.
"नशीबवान आहात," त्या म्हणाल्या,
आणि पिशवीतून गठ्ठा काढला, रबर लावलेला.

सगळे आमचेच फॉर्म.
ठिकाण: पुणे. तारीख घातलेली.
नावाची जागा कोरी.
जुन्यांवर बाकी काही नाही.
यंत्राच्या वर्षापासूनच्या प्रत्येकावर मात्र
खाली, बारीक अक्षरात,
समक्ष पाहिले होते,
आणि त्यांची सही.

"हे कुठं जमा करायचे?"
ढमढेरे जेवायला गेले होते.
मी पावतीपुस्तक ओढलं,
बोट ओलं करून मोजायला लागले.
मागं रांग खाकरली.
खाकरू दे म्हटलं.