सदतीस अंश

बाहेर शेहेचाळीस. मेडिकलच्या गेटासमोरचं डांबर
चपलेला चिकटतंय.
आत, दुसऱ्या मजल्यावर, इन्क्यूबेटर सदतीसवर गुरगुरतोय.
मे महिन्यात नागपुरातली
हीच काय ती थंड जागा, असं मी हसण्यावारी म्हणते
आणि प्लेट बाहेर काढते.

तेजल बारापात्रे, वय चार, तांडापेठ.
नळाला तीन दिवस गढूळ पाणी येत होतं,
हे कागदावर नाही, तिच्या आईने सांगितलं.
प्लेटवर रात्रीतून उगवलेल्या वसाहती:
बिनरंगी, भिजलेल्या खसखशीसारख्या.
शिगेला.

यांना ऊन कळत नाही. यांना सदतीस कळतं.
माणसात पोचलो, हे उबेवरून समजतं,
मग पित्ताच्या कडवटपणावरून.
तेव्हा अंगावर सुया उभ्या राहतात,
प्रत्येकीची लांबी मोजून घेतलेली.
आणि सुया थांबतात.
मला पचत नाही ते हेच, की त्या थांबतात.
टोकाला एक बूच, बुचाला स्पर्शाची जाण,
पेशीची कातडी लागेपर्यंत
आतला माल जागचा हलत नाही.

माझे बाबा गोळीबार चौकात मागावर बसायचे.
फणीतून सूत ओवताना
टोक जिभेवर ओलं करायचे, श्वास धरायचे;
तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही.
इथेही तसंच. घडी घातलेलं प्रथिन
त्या पोकळ सुईत मावतच नाही.
त्याची घडी मोडायची, सूत करायचं, ओवायचं.
पलीकडे निघालं की ते पुन्हा आपली घडी घालतं
आणि पेशीशी
तिच्याच घरच्या बोलीत बोलायला लागतं.

दार फुटत नाही, बाप्पा.
पेशी स्वतः उठते, पदर पसरते,
त्याला आत घेते.

"काहून हो मॅडम, पोरगी म्हणते
पोटात सुया टोचून राह्यल्या,"
खिडकीच्या जाळीला नाक लावून तिची आई.
रिपोर्ट चार वाजता, मी म्हणते.
पोरगी बरोबर सांगते आहे, हे म्हणत नाही.

मग माझी सुई ज्योतीत धरते,
लाल होऊ देते,
निवू देते,
बाबांसारखा श्वास धरते
आणि एका वसाहतीला
टोकाने, हलकेच,
शिवते.