पंधरा कपाटं

वाचनालयात चार कपाटं आहेत.
एकाची किल्ली मागच्या ग्रंथपालासोबत
दर्यापूरला गेली ती गेलीच.
सुजात म्हणतो, मॅडम, पंधरा पाह्यजेत.
टेबलाभोवती, एक घर सोडून.
अन् मधात काहीच नाई ठेवाचं, मशालबी नाई,
नाहीतर अक्षरं पोचत नाईत.

मी रजिस्टर मिटून त्याच्या फोनात पाहते.
कोपऱ्यातून तडकलेल्या काचेच्या आत
टेबलावर एक पुस्तक स्वतःच पान उलटतंय
आणि खरंच, कपाटांतून अक्षरं सुटून येताहेत
जिनिंगच्या आवारात कापूस उडतो तशी.

मग तीन ओळी उमटतात. लिपी भलतीच.
"तुमी मोडी शिकल्या ना? वाचा बरं."
शिकले होते. अमरावतीला दहा दिवस,
प्रमाणपत्र घरी ट्रंकेत आहे.
चष्मा पुसून पाहिलं, तिरपं धरून पाहिलं.
"नाही लागत रे."
"लागनार कसं? त्याले अर्थच नाई.
ते उगीच असते."

खरं ते खाली, आकड्यात.
शेवटच्या ओळीला तीस पातळ्या लागतात.
तीन रात्री हाडांचे सापळे मारून त्यानं जमवल्यात.
पण टेबल घेतं तीनच.
तीस नुसत्या दाखवायच्या,
सोयरिकीला गेल्यावर
दाखवतात ना दुसऱ्याचं ओलिताचं वावर, तशा.
वर तीन निळे खडे, ते मात्र जातात.

ओळीवर बोट ठेवलं की एकच गुण कळतो,
पुढे टिंबं आणि प्रश्नचिन्ह.
बाकीचं घेतल्यावर.
आज तिथे आहे: कोळ्यांचा काळ.
त्याला हवी होती धार.

त्यानं तलवार काढली, पुन्हा ठेवली. कोळ्यांचा काळ.
फोन बंद करून चालू केला.
कोळ्यांचा काळ.
"त्यानं आधीच ठरवून ठेवलं असते, मॅडम.
तुमी काहीतरी घेतल्याबिगर ते बदलत नाई."
मग एक युक्ती सांगितली:
लाकडाचं फावडं ठेवायचं, एक पातळी फुकट घालवायची,
टेबल नवं काढतं.

मला जिल्हा कार्यालय आठवलं.
पाचव्या कपाटाचा अर्ज मी तीनदा पाठवला,
तोच कागद, पाकीट तेवढं नवं,
आणि तिन्ही वेळा उत्तरात तेच वाक्य, तीच सही.
माझ्याकडे लाकडाचं फावडं कोणतं,
काही सुचलं नाही.

"मग घाल ना एक वाया."
"एकोणतीस होतीन. परत एक रात्र लागन.
अन् फोन भाऊचा हाये, सहाच्या गाडीनं येते तो."

भिंतीवरचं घड्याळ सहाला दहा मिनिटं कमी.
(ते सात मिनिटं मागे आहे. मी बोलले नाही.)

त्यानं डोळे मिटून बोट टेकवलं.
तलवारीवर जांभळी झाक फिरली,
वांग्याच्या सालीवर फिरते तेवढीच.
कोळ्यांचा काळ चार,
आणि लपलेलं निघालं: टिकाऊपणा तीन.
म्हणजे नको असलेली वस्तू, आणि लवकर मोडणारही नाही.

मला वाटलं आता चिडेल.
तो तलवार इकडून तिकडून फिरवत राहिला.
"जाऊ द्या. आता कोळी पाहाव लागतीन."

"त्या बंद कपाटामागे लय आहेत," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं,
मग खरोखरच उठून, वाकून,
फोनची बॅटरी लावून
भिंत आणि कपाटाच्या फटीत डोकावला.
"मॅडम," आतून आवाज आला,
"इथं किल्ली हाये एक. तुमचीच का?"